कुणाला दिलंस?

गुरवाने नारळ फडक्यात धरला होता. आमच्या हाताला त्याचा हात लागू नये म्हणून.

देवळाच्या पायऱ्यांखाली आमची अख्खी वाडी रांगेत उभी होती. म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, सगळे मेच्या उन्हात, अनवाणी. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचं मतदान होतं. वर सभामंडपाच्या सावलीत तात्या पाटील खुर्ची टाकून बसले होते. गुरव शेवटच्या पायरीवर उभा राहून नारळ खाली धरायचा. एकेकाने पुढे व्हायचं, नारळावर हात ठेवायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "छत्रीला देईन. फुटलो तर देवीनं बघून घ्यावं."

माझी पाळी आली. कडेवर माझी पोर होती, सुमी. अजून रांगायलाही लागली नव्हती. मी नारळावर हात ठेवला, म्हणायचं ते म्हटलं आणि वळले.

वरून तात्यांचा आवाज आला. "थांब गं. तुजं आसं चालनार नाय. पोरीच्या डोक्यावर हात ठेव नि बोल."

बाकी कुणाला हे सांगितलं नव्हतं. मी वर बघितलं.

"बगतीस काय? शिकलेली बाई तू. शिकलेल्याला दोन जिभा आसतात. ठेव हात."

मी पाचवी पास होते. वाडीत तेवढं शिकलेली बाई दुसरी नव्हती. वाडीचा स्वतःचा उमेदवार, रामा गवंडी, आमच्या कुडाला कूड लावून राहायचा. म्हणून माझ्यासाठी खास शपथ.

सासू मागून ढोसत होती, "ठेव गं, ठेव." सगळी रांग माझ्याकडे बघत होती. मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. टाळू अजून भरली नव्हती, हाताखाली उडत होती. मी म्हटलं, छत्रीला देईन, फुटले तर पोरीला देवीनं न्यावं. माझ्या तोंडाने म्हटलं. तात्या म्हणाले, "हां, आता बरोबर," आणि गुरवाने नारळ पुढच्या माणसापुढे धरला.

आम्ही दीक्षा घेतलेली माणसं. घरातले देव टोपलीत भरून ओढ्यात सोडले, त्याला बरीच वर्षं झाली होती. देवळाच्या पायरीला आम्ही पूर्वीही चालत नव्हतो आणि तेव्हाही चालत नव्हतो. आमची शपथ तेवढी देवीला चालायची. घरी येऊन मी पोरीचं डोकं पाण्याने धुतलं. का धुतलं ते मला सांगता येणार नाही. अंगाची नुसती आग होत होती.

आमची वाडी कुठे होती ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कर्जत तालुक्यातलं भाताचं गाव. जिल्हा तेव्हा कुलाबाच होता. गाव एकीकडे, आमची वाडी दुसरीकडे उंचवट्यावर. तीन बाजूंनी तात्यांची भातखाचरं, चौथ्या बाजूला ओढा. उन्हाळ्यात खाचरं कोरडी, कुठूनही चालत जा. पावसाळ्यात ओढा भरला आणि खाचरांत भात लावलं की बाहेर पडायला एकच जागा, तात्यांचा मोठा बांध. बाजार, दवाखाना, शाळा, सगळं त्या बांधावरून. मढंसुद्धा त्याच बांधावरून, तेही तात्यांना विचारून. एका पावसाळ्यात त्यांचे पाहुणे जेवत होते म्हणून वाडीतल्या एका म्हातारीचं मढं बांधाच्या तोंडाशी खाली ठेवून वाट बघावी लागली होती. जेवणं होईपर्यंत.

पंचायतीत आमच्यासाठी एक जागा राखीव होती. राखीव म्हणजे काय, तर आमच्यातला माणूस आणि पाटलाचा हात. दरवेळी तात्या धाकूला उभा करायचे. धाकू आमच्याच वाडीतला, त्यांच्या म्हशी राखायचा. पंचायतीच्या बैठकीत तो दाराशी चवड्यांवर बसायचा आणि तात्यांनी मान हलवली की हात वर करायचा. सरपंच निवडायचा तो सदस्यांनी हात वर करून, आणि गावात दोन तट. त्यामुळे धाकूचा एक हात म्हणजे तात्यांची खुर्ची. त्या वर्षी पहिल्यांदा रामा गवंडी उभा राहिला. तो एवढंच म्हणत होता, "निवडून दिलंत तर वाडीला वाट मागीन. आपली सोताची वाट."

धाकूला निशाणी मिळाली छत्री. रामाला कपबशी. तात्या भर नाक्यावर हसले होते. "कपबशी? तुमची कपबशी तर हाटेलाच्या भाईर खुंटीला लटकलेली हाय की रं!" नाक्यावरच्या हॉटेलात आमचे कप बाहेर टांगलेले असायचे. आपला घ्यायचा, पिऊन विसळून परत टांगायचा. सगळे हसले. चहा पीत उभे असलेले आमचे दोघेतिघेही हसले. हसावं लागतं हो, हातात त्यांचाच चहा असतो.

मतदान शाळेत होतं. माझं पहिलंच. नवरा माथेरानला हातरिक्षा ओढायचा, तो रात्रीच खाली उतरला होता. शाळेच्या ओट्यावर तात्या उभे, येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत. "नारळ ध्यानात हाय ना?" एवढंच विचारायचे. आत कर्जतहून आलेले एक मास्तर टेबलाशी बसले होते. कोपऱ्यात दोन बाकं उभी करून त्यांना गोणपाट बांधलं होतं.

माझ्या पुढे सासू. सासू म्हणजे माझी सख्खी आत्याच. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं. ती कागद घेऊन गोंधळली. तात्या तरातरा आत आले. "आन इकडं, म्हातारे. मी मारतो शिक्का."

मास्तर उठले. किरकोळ माणूस, चष्मेवाला. "पाटील, बाहेर व्हा. मतदार सांगेल त्यालाच आत नेता येतं. आजी, कोण हवं तुम्हाला?"

आत्याने घाबरून माझं नाव घेतलं.

"आवो, गाव माजं हाय," तात्या म्हणाले.

"असेल. गोणपाटाच्या आतली जागा तुमची नाही."

आणि तात्या मागे सरकले. दोनच पावलं, पण सरकले. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची. तोवर तात्या पाटलांना मागे सरकताना बघितलं नव्हतं. ते आले की आम्ही सरकायचो, बांधावर, रस्त्यावर, खाचरात.

आत्याचं मत आत्याने सांगितलं तिथे टाकलं. ते तिचं, त्यावर मी बोलणार नाही. मग माझा कागद घेतला आणि मास्तरांना हळूच विचारलं, "ह्यावर नंबर हाय. कळत आसंल ना कुनाला?"

ते म्हणाले, "कुणालाही कळत नाही, बाई. मलाही नाही. तुम्ही होऊन सांगितलंत तरच कळेल."

मी गोणपाटाआड गेले. हातात शिक्का, समोर कागद, कागदावर छत्री आणि कपबशी. बाहेर सगळं गाव आणि आत मी एकटी. घरात मी कधी एकटी नव्हते. शेतात नव्हते, ओढ्यावर नव्हते. कुणीतरी सतत बघत असायचं, कुणीतरी हाक मारायचं. इथे कुणी बघत नव्हतं. पोर बाहेर आत्याच्या मांडीवर रडत होती, तिचा आवाज येत होता. मला शपथ आठवली. टाळू आठवली. मग मी शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, कागदाची घडी केली आणि ती पेटीत टाकली.

मोजणी झाली. थोडक्या मतांनी रामा गवंडी निवडून आला.

आमचा वॉर्ड म्हणजे जवळजवळ आमची वाडीच. सगळ्या वाडीने देवीपुढे छत्री म्हटलं होतं आणि पेटीतून कपबशा निघाल्या. तात्यांची खुर्ची गेली. ते काहीच बोलले नाहीत. वाडीत लोक म्हणू लागले, झालं गेलं विसरला वाटतं पाटील. आवणीला, रोपं उपटून चिखलात लावायच्या वेळी, त्यांनी आम्हा सगळ्या बायांना कामाला बोलावलं. मलाही. वाकणाऱ्या बाया कमी असल्या की कुणाचा राग आठवत नाही. मोठ्या बांधालगतचं खाचर मी लावलं. पाठीवर घोंगडी, पोर बांधावर निजवलेली, आणि ओळीने रोपं.

आवणी संपली. सगळी खाचरं हिरवी झाली. ओढा भरून वाहू लागला. वाडी चारी बाजूंनी बंद झाली. मग एका सकाळी बघतो तर मोठ्या बांधाच्या तोंडाशी एक धोंडा, धोंड्यावर हळदकुंकवाचा नारळ, आणि शेजारी इरलं पांघरून धाकू बसलेला.

सापळा कधी लावायचा हे तात्यांना ठाऊक होतं. उन्हाळ्यात काय उपयोग?

हुकूम असा की ज्याला बांधावरून जायचं त्याने नारळाला हात लावायचा, मत कुणाला दिलं ते सांगायचं आणि जायचं. खोटं बोलला तर देवी आणि तो. न सांगणाऱ्याने बांधावर पाय ठेवायचा नाही.

रामाने पंचायतीत तोंड उघडलं. नवा सरपंच म्हणाला, बांध खाजगी आहे, पंचायत काय करणार? तोही जमीनवालाच. तट त्यांचे दोन, बांध सगळ्यांचे सारखेच. रामाने तालुक्याला अर्ज केला. अर्ज तालुक्याला जाऊन बसला आणि रामाला मात्र गवंडीकामाला रोज त्याच बांधावरून जायचं होतं. तो नारळाला हात लावून म्हणायचा, "मी मलाच दिलं रं, धाकू. आजून काय सांगू?" धाकू मान खाली घालायचा.

बाकी सगळे गेले. एकेकाने नारळाला हात लावला आणि छत्री म्हटलं. सगळ्या वाडीने छत्री म्हटलं. मग रामाला मतं दिली कुणी, भुताने? पण तात्यांना हिशेब जुळवायचाच नव्हता. आम्ही रोज वाकावं, रोज तोंडाने म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही. घरात बसून बसून कळलं.

मी गेले नाही.

आत्या म्हणाली, "जा गं, छत्री म्हन नि मोकळी हो. बोलायला काय लागतंय?"

"त्यांनी इचारायचं नसतं, आत्या."

"कोन म्हनतो?"

"मास्तर म्हनाले. मी सांगितलं तरच कळंल."

"मास्तर कर्जतात ऱ्हातो. तुला हितं ऱ्हायचंय."

खरंच बोलत होती ती. तिचं आयुष्य त्या उंचवट्यावर गेलं होतं. मी काम सोडलं, बाजार सोडला. मीठ-तेल आत्याच आणायची आणि आणताना दरवेळी नारळाला हात लावून यायची. मी उंबऱ्यात बसून हिरव्या खाचरांकडे बघायची. माझ्याच हाताने लावलेलं भात मला कोंडून उभं होतं. शेजारणी बोलायच्या बंद झाल्या. माझ्यामुळे तात्या भडकतील आणि सगळ्यांचाच बांध बंद होईल अशी त्यांना भीती. धाकू एकदा कुडाशी येऊन कुजबुजला, "वयनी, येकडाव छत्री म्हन. नाय म्हटलंस तरी मी आइकलं म्हनून सांगतो. आसं कितीक दिस बसशील?" बिचारा माझ्यासाठी खोटं बोलायला तयार होता. मी त्यालाही नाही म्हटलं. त्यानेच मला विचारलं, "का गं पन?"

उत्तर सुमीच्या तापाने दिलं.

आधी नुसतं अंग कोमट. मग थंडी भरायची, अंग कापायचं, मग फणफणायची. हिवताप, वाडीत कुणाला ठाऊक नव्हता? पण आत्याने कपाळ बडवलं. "देवीनं हात घातला. डोक्यावर हात ठेवून बोललीस नि फुटलीस. फुटलीस ना? सांग, मला तरी सांग. कुनाला दिलंस?"

मी पोरीला लुगड्यात गुंडाळलं आणि पाऊस थोडा उणावल्यावर सकाळी निघाले. मागून आत्या रडत.

बांधाच्या तोंडाशी त्या दिवशी धाकू बाजूला उभा होता आणि नारळाशी तात्या स्वतः. पाणी बघायला आले होते. डोक्यावर काळी छत्री.

"पोरगी आजारी हाय, तात्या. कर्जतला न्यायची हाय."

"ने की. म्या कुटं आडवलंय? नारळाला हात लाव, कुनाला दिलंस तेवढं सांग नि जा."

"नंतर सांगीन. आता जाऊ द्या."

"आताच." ते पोरीकडे वाकून बघत म्हणाले, "देवीनं सुरवात केली बग. तुज्याच तोंडानं बोलली व्हतीस."

मी घाबरले. खोटं कशाला लिहू? देव ओढ्यात सोडले म्हणजे त्यांची भीतीही वाहून जाते असं नाही. पोरीचा श्वास माझ्या गळ्याशी लागत होता, गरम. मी काय बोलले असते तर सुटले असते, हे मला माहीत होतं. छत्री. तीन अक्षरंही नाहीत. खरं असो की खोटं, तात्यांना चालणार होतं. माझा हात नारळाकडे गेला. अर्ध्यात गेला.

तेवढ्यात तात्या म्हणाले, "हां. हात पोरीच्या डोक्यावर ठेव. तुजी रीत तीच."

माझी रीत. उन्हाळ्यात एकदा करायला लावलं ते पावसाळ्यात माझी रीत झालं होतं. पुढच्या निवडणुकीला पुन्हा तेच. पोर मोठी झाली की तिच्या डोक्यावरचा हात जाईल आणि तिचाच हात नारळावर येईल. ती तिच्या पोरीच्या डोक्यावर ठेवील. उभ्या जन्मात एकच जागा मला मिळाली होती जिथे हा माणूस येऊ शकला नव्हता, आणि त्या जागेचा कोयंडा माझ्याच हातात होता. मी सांगितलं तर हा आत.

मी हात मागे घेतला.

"नाय सांगनार."

"काय?"

"छत्रीला दिलं का कपबशीला दिलं, नाय सांगनार. तुमाला नाय, कुनालाच नाय."

"मंग बांध माजा हाय."

"ऱ्हाऊ द्या. बांध तुमचा."

मी भातात उतरले.

ज्याने भात लावलं नाही त्याला हे कळायचं नाही. लावलेल्या खाचरात कुणी पाय घालत नाही. कोंबडी शिरली तरी आम्ही दगड घेऊन धावतो, मग खाचर पाटलाचं का असेना. बांधावरून तोल गेला तर माणूस अंगावर पडेल, पण रोपं वाचवील. आणि मी भर खाचरात चालत निघाले. पाय गुडघ्यापर्यंत आत जायचा, उपसताना रोपं मुळासकट वर यायची. मीच लावलेली. आत्या मागून किंचाळली, "अगं, भातात पाय!" पोर तापाने फणफणलेली आणि म्हातारी भातासाठी ओरडत होती. तिचा राग आला नाही. आम्हाला तेच शिकवलं होतं.

तात्या बांधावरून माझ्या बरोबरीने चालत होता आणि शिव्या देत होता. इथून पुढे मी त्याला 'तो'च म्हणणार आहे. त्याने माझ्या जातीची, माझ्या आईची जी नावं घेतली ती मी लिहीत नाही. पण तो खाली उतरला नाही. भात त्याचं होतं ना. तुडवायचं नव्हतं त्याला.

मी एकदा पडले. पोरीला वर धरलं आणि तोंडात चिखल गेला. उठले. रस्त्याला लागले तेव्हा कडावकडून दुधाचा टेंपो येत होता. मी हात केला. टेंपोवाला म्हणाला, "एवढा चिखल कुटला गं?"

"भातातला."

त्याने माझ्या कडेवर बघितलं आणि म्हणाला, "बस किटल्यांच्या मधी." माझी जात, माझं मत, काही विचारलं नाही.

सरकारी दवाखान्यात सुमीला सुई टोचली, कडू औषध पाजलं. आम्ही तिथेच व्हरांड्यात राहिलो. ताप उतरला. पोर जगली. वाडीत म्हणाले, देवीला दया आली. सुईचं नाव कुणी घेतलं नाही. मेली असती तर म्हणाले असते, देवीने नेली. म्हणजे कसंही झालं असतं तरी देवी खरी आणि मी खोटी. आजही मला त्याचा संताप येतो.

त्याच तुडवलेल्या भातातून परत आले तर त्याने माझ्यावर पिकाच्या नासधुशीची तक्रार केली होती. चावडीत हवालदाराने सगळं लिहून घेतलं. नारळाचं सांगितलं तेव्हा हवालदार हसला, ते लिहिलं नाही. लिहून झाल्यावर टोपी मागे सारून म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. पन बाई, दिलं कुनाला व्हतंस?"

माथेरानहून नवरा आला. सगळं ऐकून घेतलं, पोरीला मांडीवर घेतलं, माझ्यावर ओरडला नाही. रात्री जेवताना म्हणाला, "मला तर सांगशील? मी तुजा नवरा हाय."

"नाय."

तो ताटावरून उठला. मग माथेरानला गेला.

नासधुशीपायी मला त्याच खाचरात कापणीला फुकट राबावं लागलं. मी गेले होते तिथे भाताच्या मध्ये एक चिखलाची रेघ राहिली होती. कापताना बाया त्या रेघेजवळ आल्या की वळसा घालायच्या. रामाने पंचायतीत वाटेचा ठराव मांडला. ठराव वाचला आणि पुढच्या बैठकीवर टाकला. तो पुढच्या बैठकीतच राहतो आहे. वाट झालेली नाही.

पुढची निवडणूक आली. पुन्हा मे महिना, पुन्हा देवळाच्या पायऱ्या, पुन्हा रांग. मी सुमीचा हात धरून रांगेत उभी राहिले. मागे राहिले असते तर म्हणाले असते, घाबरली. गुरवाने फडक्यातला नारळ माझ्यापुढे धरला. मी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तिथेच उभी राहिले. वरून तो ओरडला. गुरवाचा हात अवघडला, फडकं हलायला लागलं. माझ्या मागची बाई म्हणाली, "सरक ना गं." मी सरकले नाही. मग तिनेही हात मागे नेले. तिच्या मागच्यांनी नेले नाहीत. त्यांनी वाकून, माझ्या अंगावरून हात लांबवून नारळ शिवला. जे झालं ते सांगते आहे, वाढवून सांगत नाही.

हे सगळं ऐकणारे शेवटी एकच विचारतात. तुमच्याही तोंडावर आलं असेल. छत्री की कपबशी?

माझी पोर मेली असती तरी सांगितलं नसतं, असं मी म्हणणार नाही. ती फुशारकी होईल. पण ती जगली आहे, मी जगले आहे आणि ते मत माझं आहे. आत्या न ऐकताच गेली. नवऱ्याने विचारायचं सोडलं. सुमी विचारते, तिला सांगते, तुझं तू कुणाला सांगू नकोस.

तुम्ही कुणीही असा. विचारू नका. बांध अडवलात तर भातातून जाईन.